शाळेचा इतिहास लिहायला घेताना : गोव्यातल्या माजी विद्यार्थी संघांसाठी

गोव्यात सध्या शाळांच्या जयंत्यांचे दिवस आहेत. १९६१मध्ये पोर्तुगीज अमलातून मुक्ती मिळाल्यावर गावोगावी निघालेल्या सरकारी प्राथमिक शाळांनी साठी ओलांडली. पोर्तुगालमध्ये १९१०मध्ये प्रजासत्ताक आल्यावर इथल्या हिंदू समाजाने स्वतःच्या हिमतीवर उभ्या केलेल्या मराठी शाळा शंभरी पार करून गेल्या. माजी विद्यार्थी संघ मांडव घालतात, निवृत्त गुरुजींचा सत्कार करतात आणि स्मरणिका काढतात. ती उघडली की आधी मान्यवरांचे संदेश, मग जाहिराती, आणि मध्ये कुठे तरी दोन पानांचा 'शाळेचा इतिहास', तोही बहुधा मागच्या स्मरणिकेतून उतरवलेला. त्यात संस्थापक, देणगीदार आणि मुख्याध्यापकांची नावे सापडतात. शाळेत शिकलेली मुले मात्र कुठेच नसतात.

हे बदलता येते. त्यासाठी इतिहासकार असावे लागत नाही. चिकाटी हवी, कामाचा क्रम बरोबर हवा आणि लिहायला बसण्यापूर्वी गोळा करायची शिस्त हवी. हा लेख त्या क्रमाविषयी आहे.

आधी संघाचे घर नीट करा

हा भाग थोडक्यात उरकतो. संघ नोंदलेला नसेल तर १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली तो नोंदवून घ्या. किमान सात सभासद, घटना (म्हणजे लेखी नियमावली) आणि पत्ता एवढे लागते, आणि नोंदणी जिल्हा निबंधकाकडे होते. दरवर्षी कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि नेमके तेच राहून जाते. पॅन काढा आणि बँकेत खाते संघाच्या नावाने उघडा, कुणा एकाच्या नावाने नको. देणगीदारांना देणगीवर आयकर सवलत मिळवून द्यायची असेल तर आयकर खात्याची वेगळी मान्यता घ्यावी लागते. दोन हजार रुपयांपेक्षा मोठी रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही, हे घेणाऱ्यालाही माहीत असावे.

इतिहासाचे काम कार्यकारिणीच्या गळ्यात मारू नका. पाच जणांची वेगळी समिती करा. त्यात एक निवृत्त शिक्षक, एक पोर्तुगीज वाचू शकणारा, एक संगणक जाणणारा तरुण आणि निदान एक माजी विद्यार्थिनी हवी. पाचवा माणूस असा हवा की ज्याला गावात प्रत्येक घरात चहा मिळतो. संस्था आणि मुख्याध्यापक, दोघांकडून लेखी परवानगी घ्या: कोणते दप्तर पाहणार, कुठे बसून पाहणार, फोटो काढणार की नाही. मुख्याध्यापक बदलले की तोंडी परवानगी संपते. शाळा सरकारी असेल तर भागशिक्षणाधिकाऱ्यांनाही पत्र द्या.

वेळेचा हिशेब सोहळ्याच्या तारखेपासून मागे करा. दीड ते दोन वर्षे हाताशी हवीत. सोहळा सहा महिन्यांवर आला असेल तर इतिहासाच्या ग्रंथाचा हट्ट सोडा, फोटो आणि आठवणी गोळा करा आणि ग्रंथ पुढच्या वर्षी काढा. घाईत छापलेली चुकीची तारीख पुढची पन्नास वर्षे प्रत्येक भाषणात ऐकायला मिळते.

शाळेचे कपाट

कागदांचे पहिले काम शाळेतच. मुख्याध्यापकांच्या खोलीतले कपाट, माळ्यावरची पेटी, प्रयोगशाळेच्या मागची अडगळ, सगळे एकदा पाहून यादी करा. या पहिल्या फेरीत वाचत बसायचे नाही, फक्त काय आहे आणि कोणत्या वर्षापासूनचे आहे एवढेच टिपायचे. वाचायला लागलात की संध्याकाळपर्यंत एकाच वहीत अडकता.

काय शोधायचे? जनरल रजिस्टर, हजेरीपट, शाळा सोडल्याच्या दाखल्यांची स्थळप्रत, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचे शेरेबुक, व्यवस्थापन मंडळाची इतिवृत्ते, पावतीपुस्तके, पगारपत्रके, स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका, मुलांनी काढलेले हस्तलिखित अंक. शेवटच्या दोन गोष्टी शाळा सर्वांत आधी रद्दीत घालते, म्हणून त्या आधी उचला. हस्तलिखितात आठवीतल्या मुलाने काढलेले गावच्या देवळाचे चित्र सापडते, गावच्या नाटकाविषयी मुलीने लिहिलेला निबंध सापडतो. त्या वर्षीची शाळा कशी होती हे मुख्याध्यापकांच्या अहवालापेक्षा त्यातून जास्त कळते.

पण सोन्याची खाण म्हणजे जनरल रजिस्टर. अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि अगदी शेवटी 'शाळा सोडण्याचे कारण' अशा रकान्यांतून एकेका मुलाचे आयुष्य एका ओळीत मावते. बहुतेक लोक नावे बघतात आणि पान उलटतात. तुम्ही शेवटचा रकाना वाचा. 'मुंबईस गेला.' 'घरकाम.' 'सतत गैरहजर.' 'उत्तीर्ण होऊन.' पंचवीस वर्षांची ही कारणे एका तक्त्यात मांडली की गाव समोर उभे राहते: मुलगे कोणत्या इयत्तेनंतर मुंबईच्या वाटेला लागत होते, मुलींना घरी बसवायचे कधी कमी झाले, खाण सुरू झाल्यावर मुले गळाली की वाढली. 'आधीची शाळा' या रकान्यावरून कोणत्या वाड्यावरून मुले किती चालत येत होती ते काढता येते. जन्मगावाचा रकाना सांगतो की कोणती कुटुंबे बाहेरून येऊन गावात स्थिरावली.

हा तक्ता करताना मुलांची नावे उतरवू नका, फक्त वर्ष, मुलगा की मुलगी, इयत्ता आणि कारण. का, ते पुढे सांगतो.

शेरेबुकही असेच बोलके असते. तपासणीला आलेला अधिकारी पटावर किती, हजर किती, फळा कसा, पाण्याची सोय आहे का, मुलांना पाढे येतात का, हे चार ओळींत लिहून सही करून जातो. संस्थेचे इतिवृत्त स्वतःचे कौतुक करते, शेरेबुक तसे करत नाही. 'छप्पर गळते' हा शेरा तीन वर्षे लागोपाठ आला असेल तर इमारत निधी का काढला गेला हे आपोआप कळते.

कागद हाताळताना काही गोष्टी पाळाव्याच लागतात. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बुरशी, कसर आणि वाळवी हे तीन शत्रू बारा महिने घरात असतात. जुने कागद जून ते सप्टेंबर बाहेर काढून हलवू नका, हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत करा. हात धुऊन पुसून कोरडे करा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक पिवळा पडून अक्षरेच खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही. टाचण्या आणि स्टेपल गंजले असतील तर सावकाश काढा. जुन्या काळ्या-तपकिरी शाईत लोह असते, त्या शाईने कागद आतून कुरतडला जातो. अक्षरांच्या जागी भोके पडलेले पान दिसले तर ते उलटण्याआधी फोटो काढा. बुरशी आलेली वही उन्हात टाकू नका. सावलीत, वारा खेळत्या जागी ठेवा आणि नाकावर मास्क बांधा.

तारखांची वही

समितीतल्या एकाने एक वही किंवा संगणकावरचा तक्ता फक्त तारखांसाठी ठेवावा. चार रकाने पुरतात: तारीख, काय घडले, पुरावा कोणता, पुरावा कुठे ठेवला आहे. तिसरा रकाना रिकामा असेल तर ती नोंद पेन्सिलीने करा. पुरावा मिळाला की शाईने. ग्रंथात फक्त शाईच्या नोंदी ठामपणे लिहायच्या, पेन्सिलीच्या नोंदींना 'असे सांगतात' म्हणायचे.

सर्वांत मोठा वाद स्थापनेच्या तारखेवरून होतो, आणि तो जयंतीच्या वर्षावर येऊन थांबतो म्हणून कडवट होतो. मला वाटते हा वाद बहुतेक वेळा खोटा असतो, कारण दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे असते. देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) किंवा कुणाच्या ओसरीवर पहिला वर्ग बसला ती एक तारीख. संस्थेची घटना सरकारने मंजूर केली ती दुसरी. स्वतःच्या इमारतीत प्रवेश झाला ती तिसरी. मुक्तीनंतर सरकारी मान्यता आणि अनुदान मिळाले ती चौथी, आणि हायस्कूलचा वर्ग जोडला ती पाचवी. पाचही तारखा छापा, प्रत्येकीपुढे ती कशाची आहे ते लिहा आणि संस्था कोणती तारीख 'स्थापना' म्हणून पाळते तेही सांगा. एकच निवडून बाकीच्या पुसू नका.

जुन्या इतिवृत्तांत तारखा शकात असतात. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखा बहुधा पुढच्या इसवी सनात पडतात. शके १८३३ माघ म्हणजे १९१२चा आरंभ, १९११ नव्हे. शंका आली तर त्या वर्षाचे पंचांग पाहा.

पैशांच्या नोंदी वाचतानाही असाच घोळ होतो. पोर्तुगीज अमलात रुपया सोळा टांग्यांचा होता. १९५८-५९मध्ये एस्कुदो आला आणि सहा एस्कुदोंना एक रुपया धरला गेला. मुक्तीनंतर भारतीय रुपया आला. १९५७च्या पावतीवरचे पंधरा आणि १९६०च्या पावतीवरचे पंधरा म्हणूनच एक नव्हेत. देणग्यांची यादी छापताना चलन लिहाच.

आणि नावे. पोर्तुगीज कागदात आपली नावे पोर्तुगीज उच्चाराने व लिपीने लिहिलेली असतात. प्रभू 'पोरोब' होतो, कामत 'कामोतीं', शेणवी 'सिनाय'. 'श'साठी एक्स हे अक्षर येते. डिचोली 'बिचोली' आणि तिसवाडी 'इल्हास' या नावाने सापडते. एकच माणूस मराठी इतिवृत्तात एका नावाने, पोर्तुगीज परवान्यात दुसऱ्या नावाने आणि गावात तिसऱ्याच घरनावाने ओळखला जातो. म्हणून तारखांच्या वहीच्या मागे नावांचा कोष सुरू करा: एका माणसाची सगळी रूपे एका ओळीत. हे पहिल्या दिवसापासून केले नाही तर ग्रंथात एकच देणगीदार तीन ठिकाणी तीन माणसे होऊन बसतो.

शाळेबाहेरचे कागद

पणजीला जावेच लागेल. गोव्याच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५पर्यंत मागे जाते, तिथे पोर्तुगीज प्रशासनाचे दप्तर आहे. जाताना नेमका प्रश्न घेऊन जा. 'आमच्या शाळेविषयी काही आहे का' असे विचारले तर उत्तर नकारार्थी येणार. 'अमुक गावच्या अमुक संस्थेच्या घटनेला मंजुरी, साधारण १९२० ते १९३०' असे विचारले तर तिथले लोक वाट दाखवतात. संस्थेचे पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल बरोबर ठेवा.

पणजीतच पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हे दुसरे ठिकाण. त्याची सुरुवात १८३२ची. जुनी वर्तमानपत्रे आणि 'बोलेतीं ऑफिसियाल', म्हणजे पोर्तुगीज सरकारचे राजपत्र, यांसाठी आधी इथे या. नोंदलेल्या संस्थांच्या घटना, नियुक्त्या आणि शिक्षणविषयक हुकूम राजपत्रात छापले जात. मुक्तीनंतरचे हुकूम गोवा सरकारच्या राजपत्रात सापडतात. पर्वरीचे झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चही अभ्यासकांना मदत करते.

वर्तमानपत्रांत काय मिळेल ते काळावर ठरते. केप्याहून १९१२पासून निघणाऱ्या, गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांच्या 'भारत' पत्रासारख्या मराठी नियतकालिकांनी पोर्तुगीज अमलातही समाजाचे प्रश्न मांडले, त्यामुळे त्या काळातल्या शाळांसाठी ती चाळावीत. मुक्तीनंतरचा काळ पाहायचा तर 'गोमन्तक' १९६२पासून आणि 'नवप्रभा' १९७०पासून. पाने चाळत बसण्यापेक्षा तारखांच्या वहीतून दोन-चार तारखा काढा, त्यांच्या आगेमागे पंधरा दिवस पाहा. उद्घाटन, निकाल, संमेलन, वादळात उडालेले छप्पर अशा बातम्या तिथे भेटतात.

शेवटचा साठा घराघरांत असतो. जुन्या सचिवांच्या नातवाकडे पेटी असते आणि ती कुणी मागितलेली नसते. मागताना सांगा: कागद घेऊन जाणार नाही, तुमच्याच सोप्यावर बसून फोटो काढू. असे म्हटले की पेटी उघडते. मोडीतले कागद निघाले तर अंदाजाने वाचू नका, मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवा.

गावाचा काळ आणि गोव्याचा काळ

शाळेच्या पटावर जे चढउतार दिसतात, त्यांतले बरेच गोव्याच्या मोठ्या घडामोडींतून आलेले असतात. त्या डोक्यात नसतील तर आकड्यांचा चुकीचा अर्थ लागतो.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, धर्म आणि शासन वेगळे झाले आणि इथल्या हिंदूंना नागरिक म्हणून बरोबरीची वाट मोकळी झाली. फोंड्याचे गोवा विद्या प्रसारक मंडळ १९११चे, हा योगायोग नाही. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच मूठमूठ जमवलेला निधी आहे. तुमच्या शाळेचा निधीही असाच जमला असेल, तर पावतीपुस्तकातल्या लहानात लहान रकमा शोधा. मोठ्या देणगीदारांची नावे कोनशिलेवर आहेतच.

पोर्तुगीज काळात सरकारी शिक्षणाची वाट 'प्रिमेर ग्राव' (पहिला टप्पा), 'सेगुंद ग्राव' (दुसरा) आणि मग पणजीचे लिसेव, म्हणजे माध्यमिक विद्यालय, अशी होती. इंग्रजी हायस्कुलात शिकलेली मुले मुंबईच्या मॅट्रिककडे पाहत. म्हणजे एकाच घरातला एक भाऊ पोर्तुगीज शिकला, दुसरा मराठी-इंग्रजी, आणि दोघांची नोकरीची गावे वेगळी झाली. तुमच्या गावात असे भाऊ नक्की सापडतील. १८ जून १९४६ला राममनोहर लोहियांनी मडगावात सविनय कायदेभंगाची हाक दिली, १९५५च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रही सीमेवरून आत शिरले आणि त्या सुमारास भारताने आर्थिक नाकेबंदी केली. तेव्हा शाळेतले शिक्षक कुठे होते? मॅट्रिकला बसणारी मुले काय करत होती? पुस्तके कुठून येत होती? हे प्रश्न विचारल्याशिवाय त्या दहा वर्षांवर लिहू नका.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३मध्ये दयानंद बांदोडकरांचे सरकार आले आणि खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतल्या बहुसंख्य मराठी. शिक्षक हवे होते, ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या पट्ट्यातून आणि बेळगावहूनही आले. परगावाहून आलेला तरुण शिक्षक गावात कुणाच्या माडीवर राहिला, कुणाच्या घरी जेवला, हे शाळेच्या इतिहासाचे एक आख्खे प्रकरण होऊ शकते, आणि ते एकाही कागदावर नसते. १९७५मध्ये गोवा शालान्त मंडळ आले, त्याआधीची मुले महाराष्ट्राच्या मंडळाची परीक्षा देत. १९८४च्या शालेय शिक्षण कायद्याने खासगी शाळांच्या कारभाराला चौकट दिली. १९९०मध्ये प्राथमिक शाळांचे अनुदान कोकणी-मराठी माध्यमापुरते ठेवले गेले आणि २०११मध्ये इंग्रजीलाही ते खुले झाले. या दोन वर्षांच्या आगेमागे तुमच्या शाळेचा पट काय म्हणतो ते पाहा. या विषयावर मते तीव्र असतात, माझेही आहे. ग्रंथात मात्र पटाचे आकडे मांडा आणि पालकांनी मुले का काढली किंवा का ठेवली ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

माणसे

मुलाखती कागदांच्या आधी सुरू करा, कारण कागद थांबतो, ऐंशी वर्षांचा माणूस थांबेलच असे नाही. वयाप्रमाणे यादी करा आणि सर्वांत वृद्धापासून सुरुवात करा. मुंबईत, पुण्यात, परदेशात गेलेले गणेशचवथीला गावी येतात, नाहीतर ग्रामदेवतेच्या जत्रेला. चवथीच्या आधी महिनाभर फोन करून वेळ ठरवा, पण पूजेच्या दिवशी रेकॉर्डर घेऊन जाऊ नका. विसर्जनानंतरचे दोन दिवस सर्वांत चांगले.

यादीत फक्त हुशार विद्यार्थी घेऊ नका. चौथीत शाळा सोडलेला, माडावर चढून माडी काढणारा रेंदेर, शिपाई म्हणून तीस वर्षे घंटा वाजवलेला काका, शाळेत पाणी भरणारी बाई, शाळेसमोरच्या दुकानात खाऊ विकणारे कुटुंब, आणि ज्यांच्या बहिणी शिकल्या पण त्यांना पाठवले नाही अशा आज्या. शाळा कुणासाठी होती आणि कुणासाठी नव्हती हे याच लोकांकडून कळते. एखादा जुना विद्यार्थी सांगेल की त्याच्या वाड्यावरची मुले वेगळ्या बाकावर किंवा जमिनीवर बसत. ते नोंदवा. संस्थेला अवघड वाटले तरी ते इतिहासात आलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मुलाखत बहुधा कोकणीत होईल. होऊ द्या. माणूस घरी जे बोलतो तेच बोलला की आठवण जिवंत येते. ध्वनिमुद्रण जसेच्या तसे जपा, उतरवतानाही त्याची काही वाक्ये कोकणीतच ठेवा. मराठी वाचकाला ती कळतात.

प्रश्न मोठे नकोत. 'शाळेविषयी काय वाटते' असे विचारले की भाषण सुरू होते. 'पाटी कुठे धुवायचात?' 'पावसात शाळेत कसे यायचात, नदी असेल तर होडीचे पैसे कोण द्यायचे?' 'दुपारी काय खायचात?' 'छडी कोणत्या झाडाची?' 'शाळेतून पहिल्यांदा पणजी कधी पाहिली?' असे प्रश्न विचारा. शाळेचा एखादा गटफोटो बरोबर न्या आणि बोटाने एकेक चेहरा दाखवा. तासभराच्या गप्पांतून जे येत नाही, ते फोटोतल्या तिसऱ्या रांगेतल्या एका मुलावरून येते. एका बैठकीत तास-दीड तासाच्या पुढे जाऊ नका. घरातल्या दुसऱ्या माणसाला मध्ये मध्ये 'तसे नव्हते, असे होते' म्हणू देऊ नका, त्याची मुलाखत वेगळी घ्या.

सुरुवातीला तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचे आणि विचारणाऱ्याचे नाव मुद्रणातच बोला. शेवटी संमतीपत्रावर सही घ्या: काय छापता येईल, काय नाही, ध्वनिमुद्रण कुठे ठेवले जाईल. दोन माणसांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर एकाला खोटे ठरवू नका. तारखेसाठी कागद माना. अनुभव दोघांचेही छापा.

फोटो आणि स्कॅन

कागद ३०० डीपीआयवर (दर इंचातले ठिपके) आणि लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मूळ प्रत टिफ स्वरूपात जपा, व्हॉट्सअॅपवर पाठवायला वेगळी जेपेग. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो छपाईच्या कामाचा नसतो, मूळ मागवा. बांधीव वह्या स्कॅनरवर दाबून पाठ मोडू नका, मोबाइल स्टँडवर लावून खिडकीच्या उजेडात वरून टिपा. फाइलला वर्ष, वहीचे नाव आणि पान क्रमांक द्या. फोटोच्या मागे लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला. सगळ्याच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक गावाबाहेर, मुंबईच्या एखाद्या विश्वासू सभासदाकडे.

काय छापायचे नाही

जनरल रजिस्टरात जात असते, पालकांची नावे असतात, जन्माची नोंद असते. आपल्या गोव्यात काही कुटुंबांच्या नोंदींत वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा असतो किंवा आईचे नाव लावलेले असते, आणि त्यामागे देवळांशी जोडलेल्या समाजांचा मोठा, वेदनेचा इतिहास आहे. असे पान स्मरणिकेत 'जुन्या रजिस्टरचा नमुना' म्हणून छापणे म्हणजे जिवंत माणसाला गावासमोर उभे करणे. रजिस्टराचे पान नमुना म्हणूनही छापू नका. आकडे छापा. जातीचे आकडेही फक्त दशकांच्या एकत्रित बेरजेत, जिथे कुठलेही कुटुंब ओळखता येणार नाही असे. परीक्षेतले गुण, शिक्षा, फी थकल्याच्या नोंदी नावानिशी नकोत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हे पाळले असते.

फोटोचा हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. गावातल्या फोटो स्टुडिओच्या वारसांना विचारा, नाव छापा. सहसा ते आनंदाने हो म्हणतात.

लिहिणे, छापणे, ठेवणे

लिहिणारा एकच असावा. पाच जणांनी पाच प्रकरणे लिहिली की सूर बिघडतो. समितीने वाचून तारखा तपासाव्यात, भाषेला हात लावू नये. प्रकरणे कार्यकारिण्यांच्या कालखंडांनुसार पाडू नका. मुले कुठून येत, वर्ग कुठे बसत, काय शिकत, कोण शिकवी, पैसा कुठून येई आणि मुले पुढे कुठे गेली, असे पाडा. संस्थापकांचा गौरव करा, पण तो त्यांच्या कामातून दिसू द्या: जागा कुणी दिली, परवानगीसाठी किती अर्ज केले, कोणत्या वर्षी शिक्षकांचा पगार थकला आणि तो कुणी भागवला. पदाधिकाऱ्यांची यादी शेवटी परिशिष्टात जाऊ द्या. मान्यवरांचे संदेश आणि जाहिराती यांची वेगळी पुस्तिका काढा. ग्रंथाचा खर्च निघतो आणि ग्रंथही स्वच्छ राहतो.

मसुदा छापण्याआधी शाळेत एक दिवस वाचनाला ठेवा. निवृत्त शिक्षक आणि जुने विद्यार्थी येऊन समासात पेन्सिलीने दुरुस्त्या करतील. त्या दिवशी एवढे मिळते की छपाई महिनाभर पुढे ढकलावी लागली तरी चालेल.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, तो घ्या. १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि नेमून दिलेल्या इतर ग्रंथालयांत प्रती पाठवा. पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, तालुक्याच्या ग्रंथालयात, ग्रामपंचायतीत आणि मुलाखत दिलेल्या प्रत्येकाच्या घरी एक प्रत पोहोचवा. घरची प्रत टपालाने नको, हातात द्या.

गोळा झालेले कागद आणि ध्वनिमुद्रणे कुणाच्या घरी ठेवू नका. शाळेत लोखंडी कपाट, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून बोटभर लांब, आत सिलिका जेलच्या पुड्या, वर्षातून दोनदा उघडून हवा दाखवायची. पटसंख्या घटून शाळा बंद किंवा विलीन होण्याची चिन्हे असतील तर वाट पाहू नका. दप्तर हलण्याआधी शिक्षण खात्याला पत्र द्या, जनरल रजिस्टर कोणत्या शाळेकडे जाणार ते लेखी मागा आणि हस्तलिखिते, फोटो, इतिवृत्ते यांच्या प्रती पुराभिलेखागाराला किंवा मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊ करा. संघाच्या घटनेत 'दप्तरप्रमुख' हे पद घाला, दर वार्षिक सभेत त्याने कपाटाची यादी वाचून दाखवावी आणि तारखांच्या वहीत त्या वर्षी पेन्सिलीची कोणती नोंद शाईची झाली ते सांगावे.